हात न लावता डीन कसे व्हावे

अमेरिकेतल्या एखाद्या ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात तुम्ही दहाएक वर्षं इमानेइतबारे शिकवताय. तुमच्या हाताखालून गेलेल्या पोरांना डोळे मिटून मणका मोजता येतो, पेशंट तुमचं नाव काढतात. अशात एके दिवशी वरून मेल येते : भावी वरिष्ठ नेतृत्व घडवण्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमासाठी आपली निवड झाली आहे. अभिनंदन! आता एकच करा, हात स्वच्छ धुवा आणि खिशात घाला. पुन्हा लागणार नाहीत.

त्याआधी घरच्यांची समजूत काढायला हवी. अमेरिकेतला डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजातून निघालेला पदवीधर, हा पुरा डॉक्टर असतो. एमडीसारखीच (ती तिथे नेहमीच्या डॉक्टरची पहिलीच पदवी) चार वर्षं, पदवीनंतर रुग्णालयात शिकण्याची तीच रेसिडेन्सी, ऑपरेशनपासून औषधांपर्यंत तेच अधिकार. शिवाय हातांनी तपासण्याचं आणि सांधे-स्नायू मोकळे करण्याचं दोनेकशे तासांचं शिक्षण. इंग्लंड-फ्रान्समधला ऑस्टिओपॅथ निराळा, तो डॉक्टर नसतो. हे सगळं तुम्ही न्यू जर्सीतल्या गणपतीत दरवर्षी सांगता. राष्ट्राध्यक्षांचे अलीकडचे लागोपाठ तीन डॉक्टर डीओच, हेही सांगून होतं. प्रसादाची वाटी हातात घेऊन एक मावशी शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "म्हणजे हाडवैद्यच ना रे?"

रागावू नका. मावशींनी न वाचता इतिहास सांगितला आहे. ही विद्या काढणारे अँड्र्यू टेलर स्टिल गावोगाव फिरत तेव्हा स्वतःची ओळख विजेच्या चपळाईचा हाडवैद्य अशीच करून देत.

भावी नेत्याला स्टिल फार उपयोगी पडतात. भाषणाची सुरुवात त्यांच्यापासून करायची, म्हणजे पुढे काही सांगितलं नाही तरी चालतं. 1864 मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुलं गेली. घरात डॉक्टर होते, औषधं होती, उपयोग शून्य. त्या काळातली औषधं म्हणजे बऱ्याचदा पारा आणि अफू, तेव्हा दोष नुसता नशिबाचा नव्हता. दहा वर्षांनी, 22 जून 1874 ला, त्यांनी आपल्या नव्या विचाराचं निशाण उभारलं. ज्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीला त्यांच्या घराण्याने हात लावला होता, त्यानेच त्यांना व्याख्यान द्यायला दार उघडलं नाही. मग 1892 मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल नावाच्या लहानशा गावात त्यांनी स्वतःचंच कॉलेज काढलं. पहिल्याच वर्गात बायका घेतल्या. सनदेप्रमाणे एमडी पदवी देता येत असताना हट्टाने डीओ दिली.

हे सांगताना आवाज जरा दाटून येऊ द्या. स्टिलांचा फोटो मात्र भिंतीवरच राहू द्या, अंगात येऊ देऊ नका. आज हा गृहस्थ डीनच्या जागेसाठी अर्ज घेऊन आला तर पहिल्या चाळणीतच गळेल. समितीवर कामाचा अनुभव नाही, प्रस्थापितांशी जुळवून घेण्याची तयारी नाही, आणि पाच वर्षांचा आराखडा विचारला तर समोरच्याचीच मान चाचपायला लागेल.

कार्यक्रमात सुरुवातीला स्वभावचाचणी असते. तुम्ही कोणत्या रंगाचे नेते, ते तीत कळतं. वडाखालचा पोपटवाला हेच काम एका चिठ्ठीत करतो, पण त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. मग वरिष्ठांशी सल्लामसलत, अंदाजपत्रक, अवघड संभाषणं कशी हाताळावीत (म्हणजे कशी टाळावीत), आणि शेवटी एक प्रकल्प, जो सादर झाल्यावर पुन्हा कुणी उघडत नाही.

खरी विद्या भाषेची. आपल्या बहुतेक कॉलेजांना स्वतःचं मोठं रुग्णालय नसतं; तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं चंबूगबाळं आवरून कुठल्या कुठल्या गावांतल्या दवाखान्यांत शिकायला जातात. आमच्याकडे रुग्णालय नाही, असं चुकूनही म्हणायचं नाही. आमचं शिक्षण समाजात विखुरलेलं आहे, असं म्हणायचं. तिकडे शिकवणारे डॉक्टर अनेकदा फुकट किंवा जुजबी मानधनावर राबतात. ते आपले भागीदार. वर्गात जागा वाढवल्या, दुसऱ्या राज्यात नवी शाखा काढली, की ती ग्रामीण आरोग्याची हाक. दोन लाख डॉलरच्या वर कर्ज घेऊन बाहेर पडलेल्या पोराने त्या खेड्यात जाऊन फॅमिली डॉक्टर व्हावं, ही अपेक्षा तुम्ही व्यासपीठावरून करायची असते. बरेच जण खरोखर जातातही, याचं मला अजून नवल वाटतं.

परीक्षेच्या बाबतीत दोन तोंडं बाळगा. आपली स्वतःची परीक्षा आहे, कॉम्लेक्स. डीओ व्हायला ती पुरते. पण हव्या त्या रेसिडेन्सीसाठी एमडीवाल्यांची यूएसएमएलईही दिलेली बरी म्हणून हजारो मुलं दोन्ही देतात. दोनदा फी, दोनदा जागरण. व्यासपीठावर म्हणा : आपली परीक्षा कुणापेक्षा कमी नाही. जिन्यात एखाद्या विद्यार्थ्याने गाठलं तर हळूच सांगा : दोन्ही दे बाबा. त्याच कॉम्लेक्सचा एक भाग असा होता की मुलांना समोरच्या माणसाला हात लावून तपासून दाखवावं लागे. अख्ख्या देशात केंद्रं दोन, एक फिलाडेल्फियाजवळ आणि दुसरं शिकागोत. विमानाचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. कोरोनात ही हातांची परीक्षा थांबली आणि 2022 मध्ये कायमची बंद झाली. म्हणजे तेवढीच गेली, बाकीच्या राहिल्या. मुलांनी सुटकेचा श्वास टाकला, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

आता एमडींपासूनच्या वेगळेपणाकडे या, कारण डीनच्या मुलाखतीत हमखास हेच विचारतात. 'आपण माणसाकडे सगळ्या अंगांनी पाहतो,' हे उत्तर पाठ असू द्या. 2001 मध्ये एक पाहणी छापून आली होती : निम्म्याहून जास्त डीओ शंभरातल्या पाच पेशंटांवरही हाताचे उपचार करत नव्हते. ही पाहणी ठाऊक असावी, तोंडून निघू नये. 2020 पर्यंत एमडी आणि डीओंच्या रेसिडेन्सी एकाच छत्राखाली आल्या. त्याला एकत्रीकरण म्हणावं, शरणागती म्हणणारे हल्ली निवृत्त झालेत.

वेगळेपणाचा भाव जाणून घ्यायचा असेल तर कॅलिफोर्नियाची गोष्ट वाचा. 1961 मध्ये तिथल्या डीओंच्या पुढाऱ्यांनी एमडींच्या संघटनेशी तह केला. दोनेक हजार डीओंनी 65 डॉलर भरले आणि एमडीचा कागद घेतला. लॉस एंजेलिसचं डीओ कॉलेज हातोहात एमडी कॉलेज झालं. पुढच्या वर्षी मतदान होऊन राज्यात नव्या डीओंना परवाने मिळणं बंद. माणसं तीच, दवाखाने तेच, शनिवारी डीओ होते आणि सोमवारी एमडी. 1974 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने पुन्हा सुरू करायला लावले, आणि 1977 मध्ये तिथल्याच पोमोना शहरात नव्याने डीओ कॉलेज निघालं. ही सगळी उलाढाल वरिष्ठ नेतृत्वाने घडवली होती, बरं का. तेव्हा त्यांच्यासाठी वर्षभराचा कार्यक्रमही नव्हता. नुसत्या अंगभूत गुणांवर केलं बिचाऱ्यांनी.

वर्ष संपेल, प्रमाणपत्र मिळेल. डीनच्या यादीत तुमचं नाव येईल. कोणत्या प्रश्नावर हात वर करायचे, कुठे हात आखडता घ्यायचा, कुठून हात झटकायचे आणि देणगीदार दिसला की हात कसा पुढे करायचा, सगळं अंगवळणी पडलेलं असेल. आणि एका दुपारी चौथी मीटिंग संपवून उठताना कंबर धरेल. धरणारच, वर्षभर खुर्ची सोडली नव्हती. भिंतीला टेकत बाहेर याल तर समोर पहिल्या वर्षाची एक मुलगी, प्रॅक्टिकलवरून येणारी. हात अजून गरम. ती पाहील, पिशवी खाली ठेवील आणि विचारील, "सर, नेमकं कुठे दुखतंय?"

तुम्ही घसा साफ कराल आणि म्हणाल, "त्यासाठी आपण एक समिती नेमली आहे."