कोलंबसाआधी अमेरिकेत मधमाश्या नव्हत्या म्हणे!

'कोलंबसापूर्वी अमेरिकेत मधमाश्याच नव्हत्या. टोमॅटो, भोपळा तिथे पिकतो तो युरोपच्या मधमाशीमुळे. ती संपली की माणूस चार वर्षांत संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाले.' हा फॉरवर्ड बाबांच्या फोनवरून माझ्या भाचीच्या प्रकल्पाच्या वहीत गेलाय आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूणही केलीय. आता गप्प बसवत नाही.

आधी टोमॅटो, कारण सगळ्यात मोठी थाप तीच. टोमॅटो १६व्या शतकातच अमेरिकेतून युरोपात पोचला. युरोपची मधमाशी उत्तर अमेरिकेत, व्हर्जिनियात उतरली १६२२ साली. मग त्याआधी मेक्सिकोत टोमॅटो पिकत कसा होता? कुंडीतल्या टोमॅटोचं एक फूल हातात घ्या. पिवळे परागकोश एकमेकांना चिकटून सुळका झालेला असतो, पराग आत कोंडलेले. देठाला टिचकी मारली की काळ्या कागदावर पिवळी भुकटी सांडते. वाऱ्यानेही थोडं काम होतं. पण अमेरिकेतल्याच एक्झोमॅलोप्सिससारख्या छोट्या रानमाश्या फुलाला घट्ट धरतात आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवून पराग पाडतात. ब्राझीलच्या टोमॅटोच्या शेतांत त्या हमखास दिसतात. युरोपच्या मधमाशीला ही थरथर जमतच नाही!

भोपळ्याची तर स्वतःची माशी आहे. ती पिल्लांसाठी पराग भोपळ्याच्याच फुलांतून नेते आणि मेक्सिकोतून उत्तरेला पसरली तीही भोपळ्याच्या शेतीमागोमाग.

'मधमाश्याच नव्हत्या'? मध्य अमेरिकेतले माया लोक पोकळ ओंडक्यांत मेलिपोना नावाच्या माश्या पाळून मध काढत. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सापडणारी जताई माशी जेमतेम ४-५ मिलिमीटरची, आपल्या पोया माशीच्या गोतातली, नांगी न मारणारी. नाना फुलांवर जाते, पोळ्याच्या तोंडाशी मेणाची नळी बांधते आणि तिच्यासमोर पहारेकरी माश्या हवेत तरंगत राहतात. ही मधमाशी नाही तर कोण?

एवढं मान्य करते, की युरोपच्या जातीची माशी तिथली नव्हे. आणि पनामात बाहेरून आलेल्या मधमाश्यांमुळे कॉफीचं पीक ५० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड रूबिक यांनी २००२ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवलंय. फायदा होतो, नाही कोण म्हणतं? पण म्हणून तिच्याआधी तिथे कुणी नव्हतंच असं होत नाही.

आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा कुठेही पुरावा नाही. आणि चार वर्षांत माणूस संपेल कसा? गहू, भात, मका वाऱ्यावर किंवा स्वतःच फळतात, त्यांना मधमाशीची गरज नसते.

भाचीला ती ओळ खोडायला सांगितली. ती म्हणते, बाईंनी बरोबर दिलंय.