ताटातलं आणि प्रयोगशाळेतलं

मांस-दूध सोडा आणि प्राण्यांवरचे प्रयोग थांबवा, असं सांगणारा तुमचा लेख आवडला, पण या दोन गोष्टी तुम्ही एकाच गाठोड्यात बांधल्यात. त्या वेगळ्या आहेत.

आधी ताटाचं. मटकीची उसळ, भाकरी, जवसाची चटणी याला माझा विरोध कसा असेल, तेच खात वाढलो. पण तीन वर्षांपूर्वी दूध-दहीही सोडलं आणि काही महिन्यांनी तळपायाला मुंग्या यायला लागल्या. तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व तळाला! वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही, गोळी किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ घ्यावेच लागतात. लेखात याचा उल्लेखच नाही, हे खटकलं.

प्रयोगांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. बीएस्सीला मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक टाचण्यांनी उताणा टोचायचो. हृदय धडधडताना दिसायचं आणि सर म्हणायचे, 'आकृती नीट काढा.' आकृती आता आठवत नाही, बेडूक आठवतो. सलाईनमध्ये ताप आणणारं काही आहे का हे बघायला सशाच्या शिरेत ते सलाईन टोचून त्याचं तापमान मोजत. आज तीच तपासणी माणसाच्या रक्तपेशींवर करता येते, आणि माणसाच्या औषधासाठी तेच जास्त सयुक्तिक नाही का? आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्यांवर २०१४ मध्येच बंदी आली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांतही पेशी, अवयव-चिप (पेशी वाढवून अवयवासारखं काम करणारी छोटी चिप) अशा पर्यायांना जागा मिळाली. पुढच्या लेखात यावर सविस्तर लिहा, पनीरऐवजी टोफूच्या पाककृती नकोत.