नियम पाळणाऱ्या इलेक्ट्रिशियनला कामावरून कसं काढावं

सुरक्षेचा आग्रह धरला म्हणून त्याला काढायचं नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. काढायचं ते सुरक्षेच्या नियमांचा भंग केला म्हणून. एवढं जमलं की बाकी नुसती टायपिंगची कामं उरतात.

असा माणूस लवकर ओळखू येतो. विजेचं पॅनेल उघडण्याआधी तो फीडर (पॅनेलला वीज पुरवणारी लाइन) बंद मागतो, ब्रेकरला स्वतःचं कुलूप लावतो, वर टॅग अडकवतो आणि किल्ली खिशात टाकतो. आता लाइन बंद झाली, तर घालावा की नाही हात? नाही! टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघणार, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. का, तर मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर तोही ‘सप्लाय नाही’ असंच सांगेल म्हणे. शिवाय जनरेटर किंवा यूपीएसकडून उलटा सप्लाय येऊ शकतो, कपॅसिटर चार्ज धरून बसलेला असू शकतो. ‘तुझा कंपनीवर विश्वास नाही का?’ असं विचारलंत तर म्हणेल, ‘कंपनीवर आहे साहेब, कपॅसिटरवर नाही.’ हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. आरोपपत्रात ‘उद्धट वर्तन’ या कलमाखाली ते शोभून दिसतं.

मिलिअँपिअरच्या वादात त्याच्याशी पडू नका. २३० व्होल्टवरचा ६० वॅटचा साधा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर करंट घेतो, आणि छातीतून त्याच्या निम्म्याहून कमी गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते, हे त्याला पाठ असतं. तुम्ही फक्त एवढंच विचारा, की बल्बाएवढ्या करंटसाठी अख्खं उत्पादन थांबवायचं का? मीटिंगमधल्या माना आपोआप हलतील. त्यांतल्या एकानंही पॅनेल उघडलेलं नसतं, त्यामुळे मतं स्पष्ट असतात.

खरी संधी कुलपाची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये आहे. (मॅन्युअल ऑडिटच्या दिवशी टेबलावर ठेवण्यासाठी असतं, चाळू नका.) ऑर्डर तुंबली की सुपरवायझरला कटर द्या. कुलूप तुटलं की हा माणूस काम सोडून बाजूला उभा राहणार आणि लेखी तक्रार करणार. झालं! आता तक्रारीत काय लिहिलंय ते वाचायचं नाही, कशावर लिहिलंय ते बघायचं. साध्या कागदावर असेल तर विहित नमुना वापरला नाही. विहित नमुन्यावर असेल तर सुपरवायझरमार्फत पाठवली नाही. सुपरवायझरमार्फत पाठवली असेल तर सुपरवायझरला ती मिळालेली नाही.

चौकशीत वाचन असलेला एखादा कामगार प्रतिनिधी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार काढेल. त्याचं कलम १३ सांगतं की जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला वाजवी कारण असेल, तर कामापासून दूर झालेल्या कामगाराला त्यापायी झळ पोहोचता कामा नये. आणि २०२२ पासून सुरक्षित, निरोगी कामाची जागा त्या संघटनेच्या मूलभूत तत्त्वांत आणि हक्कांत मोडते, हेही तो ऐकवेल. घाबरू नका. धोका तातडीचा नव्हता याचा पुरावा तुमच्याकडे आहे: अपघात झालाच नाही. तो बाजूला झाला म्हणून झाला नाही, असं कुणी म्हटलं तर ‘विषयाशी संबंधित नाही’ असा शेरा मारून पुढच्या मुद्द्यावर जा.

निकालपत्रात सुरक्षा हा शब्द जितक्या वेळा येईल तितका चांगला. ‘कंपनीच्या सुरक्षा संस्कृतीशी विसंगत वर्तन’ ही शब्दरचना मला विशेष आवडते. तिचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ती खोडूनही काढता येत नाही.

राहिलं ते पॅनेल. तो गेला तरी बिघाड तिथंच आहे. कंत्राटदाराकडून एखादा नवा पोरगा मागवा, ज्याला अजून स्वतःचं कुलूप मिळालेलं नाही असा. कामाच्या परमिटवर त्याची सही मात्र काम सुरू होण्याआधीच घेऊन ठेवा आणि वेळेचा रकाना मोकळा सोडा. तो नंतर भरता येतो.