शनीचे दाते कोणी मोजले?

ग्रहांच्या गती दाखवणाऱ्या हस्तनिर्मित घड्याळाच्या दुरुस्तीवरचा लेख आवडला. पण ‘झिजलेलं चाक नवं बनवून बसवलं’ हे एका वाक्यात उरकलंत, आणि खरी गंमत तर तिथेच आहे! अशा यंत्रात दात्यांची संख्या म्हणजेच कारागिराचं खगोलशास्त्र. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सने १६८२च्या सुमारास आखलेल्या ग्रहयंत्रात शनीसाठी ७ आणि २०६ दात्यांची जोडी होती. अपूर्णांकात अपूर्णांक गुंफत जाण्याच्या रीतीने त्याने ती शोधली. त्यातून (२०६ भागिले ७) शनीची सूर्याभोवतीची फेरी सुमारे २९.४३ वर्षांची येते. आज आपण ती २९.४६च्या आसपास धरतो. मोठ्या चाकाचा एक दाता कमी पडला, तर फेरीमागे तब्बल ५२ दिवसांचा घोळ. उलट, जुनं गुणोत्तर आजच्या आकड्यांनुसार ‘सुधारणं’ही मला पटत नाही. ती चूकसुद्धा त्या काळाचा दस्तऐवज आहे.

पितळ चकचकीत करण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. प्रत्येक पॉलिशने थोडा धातू जातो, शिवाय कोरलेले आकडे बुजतात. धूळ मऊ पितळेत रुतते आणि समोरचं पोलादी चक्र घासते, त्यामुळे सफाई हवीच; चकाकी नको.

एक विचारायचं होतं: जोडणीनंतर शनीची चाचणी कशी घेतली? महिनाभर घड्याळ चालवून तो जेमतेम अंशभर सरकणार. मुख्य यंत्रणेपासून ग्रहांची चाकं सोडवून, हाताने काही दशकं पुढे फिरवून पंचांगाशी ताडलं का?