‘पटत नसेल तर बाहेर पडा’ म्हणण्याआधी

इतकं सविस्तर आणि आडपडदा न ठेवता लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. एखादा धार्मिक समाज किती सहिष्णू आहे हे तो परधर्मीयांशी कसा वागतो यावरून ठरवू नये, स्वतःतल्या वेगळ्या मताच्या माणसाशी कसा वागतो यावरून ठरवावं, असं मी लिहिलं होतं. तुम्हाला ते मान्य नाही. तुमचं म्हणणं असं की विविधता हवी असेल तर प्रत्येक समाजाला त्याच्या रीतीनं जगू द्यायला हवं; बाहेरच्यांनी आणि सरकारनं लुडबुड केली की सगळे एका साच्याचे होऊन जातात. सहिष्णुता आपल्या रक्तातच आहे, ती कुणी शिकवायची गरज नाही, असंही तुम्ही म्हणता. असहिष्णू लोकांना सहन करणं तुम्हाला आत्मघात वाटतो. आणि शेवटी विचारता, “ज्याला आपल्या समाजाचे नियम पटत नाहीत त्यानं खुशाल बाहेर पडावं, त्याला कोण अडवतं?”

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तुमची बाकीची मांडणी त्याच्यावर उभी आहे. बाहेर पडायची वाट खरोखरच मोकळी असेल, तर तुमचं बरंचसं म्हणणं मला मान्य करावं लागेल. ती बंद असेल, तर समाजांना आपापल्या रीतीनं जगू देणं याचा अर्थ त्यांच्यातल्या दुबळ्यांना बलवानांच्या ताब्यात देणं असा होतो. तेव्हा आधी ही वाटच पाहू.

सतराव्या शतकातलं ॲमस्टरडॅम त्या काळच्या युरोपात सहिष्णुतेसाठी नावाजलेलं होतं. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सक्तीनं ख्रिस्ती केल्या गेलेल्या ज्यू कुटुंबांचे वंशज धर्मन्यायालयाच्या धाकातून सुटून तिथे आले आणि उघडपणे ज्यू म्हणून राहू लागले. तुमच्या व्याख्येप्रमाणे विविधतेचा हा उत्तम नमुना. 27 जुलै 1656 रोजी याच समाजानं बारुख स्पिनोझा या 23 वर्षांच्या तरुणाला, पुढे मोठा तत्त्वज्ञ म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला, बहिष्कृत केलं. त्याच्याशी कुणी बोलू नये, त्याला पत्र लिहू नये, त्याच्यावर उपकार करू नयेत, एका छपराखाली राहू नये, त्यानं लिहिलेलं काही वाचू नये, असा तो आदेश होता. ज्यांनी स्वतः धर्माच्या नावावर छळ सोसला होता, त्यांनीच तो काढला होता. त्या माणसांना मी दुष्ट म्हणत नाही. परक्या शहरात मिळालेला आसरा आपल्यातल्या एका बंडखोरामुळे जाईल ही भीती त्यांना असणार, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

पण स्पिनोझा पुढे जगला. भिंगं घासून चरितार्थ चालवला, विचार केला, लिहिलं, मित्र मिळवले आणि दुसरा कुठलाही धर्म न स्वीकारता 1677 मध्ये मरेपर्यंत त्याच देशात राहिला. त्याच्यावर बंधनं आली, त्याच्या लिखाणावर बंदीही आली. तरी ‘तू ज्यू नाहीस तर कोण आहेस ते आधी सांग, मगच राहा’ असं त्याला कुणी म्हटलं नाही. समाजाच्या दाराबाहेर उभं राहायला त्याला जागा होती. डच प्रजासत्ताकाच्या सहिष्णुतेचा मोठेपणा मला या गोष्टीत दिसतो. तिथे किती पंथांची प्रार्थनास्थळं होती ही संख्या मला त्यापुढे दुय्यम वाटते.

आता जिथे अशी जागा नव्हती असं एक राज्य पाहा. ऑटोमन साम्राज्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, ज्यू अशा समाजांना आपापले धर्मप्रमुख, न्यायालयं आणि शाळा होत्या. लग्न, घटस्फोट, वारसा हे सगळं ज्याचं त्याच्या समाजात. तुम्हाला जी व्यवस्था आदर्श वाटते, ती जवळपास हीच. कित्येक शतकं ती टिकली आणि त्याच काळातल्या युरोपच्या मानानं तिच्यात रक्तपात कमी झाला, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण 1846 मध्ये आर्मेनियन धर्मप्रमुखानं प्रोटेस्टंट विचारांकडे वळलेल्या आपल्याच माणसांना बहिष्कृत केलं, तेव्हा काय झालं? त्यांना व्यवसाय करता येईना, भाड्याची घरं सोडावी लागली, कारण राज्याच्या लेखी माणूस कुठल्या तरी समाजाच्या मार्फतच अस्तित्वात होता. समाजानं नाव काढलं की तो कुणीच नव्हता. त्यांची सुटका कशी झाली? 1847 आणि 1850 च्या फर्मानांनी त्यांचा स्वतंत्र समाज मान्य झाला तेव्हा. म्हणजे सुटायचं तर नवा गट काढायचा. एकट्या माणसाला, कुठल्याच गटात न बसणाऱ्या बाईला तिथे काय उपाय होता?

तुम्ही म्हणाल, हे सगळं परमुलखातलं आणि जुनं आहे. मग आपल्याकडचं घेऊ. मुंबई राज्यानं 1949 साली बहिष्कृत करण्याच्या प्रथेला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं तो कायदा रद्द ठरवला. समाजाची एकी राखण्यासाठी धार्मिक कारणावरून सदस्याला बाहेर काढण्याचा अधिकार हा धर्माच्या कारभाराचाच भाग आहे, असं बहुमताचं मत पडलं. विरोधात एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा होते. बहिष्कृत माणसाची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठाच हिरावली जाते, त्याची अवस्था अस्पृश्यासारखी होते, असं त्यांचं म्हणणं होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं त्या जुन्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवलं. मला सिन्हांचं मत पटतं. बहुमतातले न्यायाधीश संकुचित होते म्हणून नाही, तर त्यांनी समाजाच्या बाजूनं पाहिलं आणि सिन्हांनी बाहेर काढल्या गेलेल्या माणसाच्या बाजूनं पाहिलं म्हणून.

आणि हा एका धर्माचा प्रश्न आहे असं कृपया समजू नका. महाराष्ट्रात जातपंचायतींनी कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की 2016 मध्ये विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो 2017 पासून लागू आहे; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जातीबाहेर लग्न केलं, पंचायतीचा निवाडा न मानता कोर्टात गेलं, एवढ्यावरून माणसाशी रोटीबेटी व्यवहार बंद होतात. आईच्या मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. ‘त्याला कोण अडवतं’ असं तुम्ही विचारलंत. दारात कुणी काठी घेऊन उभं नसतं हे खरं. पण बाहेर पडणाऱ्याला आई, भावंडं, धंदा, मुलीचं लग्न आणि स्वतःच्या दफनाची जागा एवढं सगळं मागे ठेवून जावं लागत असेल, तर त्याला मोकळी वाट म्हणायला माझं मन धजत नाही.

म्हणून विविधतेचं मोजमाप करताना सुरुवात व्यक्तीपासून करावी असा माझा आग्रह आहे. घटनेचा मसुदा मांडताना 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. आंबेडकरांनी याच प्रकारचा निर्णय सांगितला होता: मसुद्यानं खेडं हा घटक बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला याचा त्यांना आनंद वाटत होता. संदर्भ ग्रामव्यवस्थेचा होता, पण तर्क तोच लागू पडतो. गट एकोप्यानं नांदताना दिसतो तेव्हा तो एकोपा कुणाच्या गप्प बसण्यावर उभा आहे, हे गटाकडे पाहून कधीच कळत नाही.

यावर तुमचा रास्त प्रश्न येईल: मग समाजाला स्वतःचे नियम करायचा हक्कच नाही का? आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. इथे अशोकाची आठवण होते. सर्व पंथांच्या लोकांनी सगळीकडे राहावं असं तो सातव्या शिलालेखात म्हणतो. बाराव्यात सांगतो, वाणीवर संयम ठेवा. अकारण स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो. याच अशोकानं सारनाथ, सांची, कौशांबी इथल्या लेखांत मात्र बौद्ध संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींना बाहेर काढण्याची आज्ञा दिली. विसंगती वाटते, नाही का? शिक्षा वाचा, मग तितकी वाटत नाही. त्यांना पांढरी वस्त्रं घालायला लावावीत आणि विहाराबाहेर राहायला सांगावं, इतकंच. पांढरी वस्त्रं म्हणजे गृहस्थाची. संघातली जागा गेली, पण गावातली राहिली. स्वतःच्या संस्थेत राजानं असा हात घालावा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि मला तो खटकतो. तरी ज्या रेषेवर मला बोट ठेवायचं आहे ती इथे दिसते. पुजारी कोण, दीक्षा कुणाला, प्रार्थना कशी, व्रत मोडलं तर काय, हे समाजानं ठरवावं. कुणाकडून वाणसामान घ्यायचं, कुणाच्या मुलीशी बोलायचं, कुणाला पुरायचं हे ठरवू लागला की तो धर्माचा कारभार उरत नाही, माणसावरची हुकमत होते. तिथे कायद्यानं यावं. त्याआधी येऊ नये.

अशोकामुळे तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचंही उत्तर बऱ्याच अंशी मिळतं. सहिष्णुता रक्तात असती तर दगडावर कोरून सांगावी लागली नसती. ज्या राजाला ती पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटली, त्याच्या भोवती पंथापंथांत भांडणं होती म्हणूनच ना? आपल्या परंपरेत सहिष्णुतेसाठी झटलेली माणसं आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण बहुतेकांना आपल्याच लोकांचा राग सोसावा लागला. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हा त्यात सात मुस्लिम महिला होत्या. सातच. साने गुरुजींना पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. सुधारणा आतून व्हावी असं तुम्ही लिहिलंय आणि मलाही तेच हवंय. पण आतून आवाज उठवणाऱ्याला वाळीत टाकायची मुभा राहिली, तर ती सुधारणा करणार कोण?

आता असहिष्णूंबद्दल. असहिष्णूंनाही सहन करत गेलं तर सहिष्णुताच संपते, हा तुम्ही म्हणता तो विरोधाभास तत्त्वज्ञ कार्ल पॉपरनं 1945 मध्ये मांडला आणि हल्ली कुणालाही गप्प करायचं झालं की त्याचं नाव पुढे केलं जातं. असहिष्णू विचार केवळ मांडले म्हणून दडपावेत असं त्यानं म्हटलेलं नाही. युक्तिवादानं त्यांना तोंड देता येतं तोवर दडपणं शहाणपणाचं नाही, असं तो स्पष्ट लिहितो. वाद घालायलाच नकार देऊन जे आपल्या अनुयायांना मुठी आणि पिस्तुलं वापरायला शिकवतात, त्यांच्यापाशी तो मर्यादा घालतो. म्हणजे मर्यादा कृतीवर येते, मतावर येत नाही. मतावर घातलेली मर्यादा कशी फसते याचं उदाहरण इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच आहे. सहिष्णुतेची इतकी भक्कम बाजू मांडणाऱ्या या माणसानं 1689 मध्ये नास्तिकांना त्यातून वगळलं. देव न मानणाऱ्याच्या शपथेवर विश्वास ठेवता येत नाही, असं त्याला वाटे. आज आपण दोघंही हे मानणार नाही.

केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची ही मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढलं गेलं आणि 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. त्यांचं न गाणं अनेकांना बोचलं असेल. मलाही राष्ट्रगीत म्हणताना भरून येतं. पण बोचणं वेगळं आणि इजा वेगळी. भावना दुखावल्या एवढ्यावरून मर्यादा ठरवायची म्हटलं, तर सर्वांत लवकर चिडणारा माणूस सगळ्यांसाठी नियम करील.

जाता जाता एक जागा अशी, जिथे तुमचं-माझं जुळेल असं वाटत नाही: मुलं. अमेरिकेत आमिश या जुन्या, साध्या रीतीनं जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायला नकार दिला. कायदा 16 वर्षांपर्यंत शाळा सक्तीची म्हणत होता. 1972 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पालकांच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः असहमती नोंदवली: मुलांना काय हवंय हे कुणी विचारलं का? निकाल तुमच्या बाजूचा आहे, आणि आमिशांच्या साध्या, कष्टाळू, शांततामय जगण्याबद्दल मला आदर आहे. तरी मी डग्लस यांच्या बाजूनं आहे. चौदाव्या वर्षी शिक्षण थांबलेल्या मुलीला विसाव्या वर्षी समाज सोडावासा वाटला, तर ती कुठल्या बळावर सोडेल? तिला राहायचं असेल तर आनंदानं राहू दे. पण शिकून राहू दे. या बाबतीत पालकांच्या श्रद्धेला मी तुमच्याइतकं झुकतं माप देऊ शकत नाही. तुम्ही द्याल, तर का, हे वाचायला मला मनापासून आवडेल.