सचिवांचा पगार कोण ठरवतं?

‘मंत्रालयातले सचिव आपला पगार आपणच वाढवून घेतात. मोठं खातं मिळालं की पगार मोठा, मंत्री रुसला की कमी.’ अशा आशयाचा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय.

आधी खात्याचं बघू. विभागाचा सचिव बहुधा आयएएस असतो आणि त्याचा पगार श्रेणीवर ठरतो, खात्यावर नाही. सातव्या वेतन आयोगानुसार सचिवाचं मूळ वेतन १,४४,२०० रुपयांपासून, प्रधान सचिवाचं १,८२,२०० पासून सुरू होतं. अपर मुख्य सचिव आणि खुद्द मुख्य सचिव, दोघांचंही सरसकट २,२५,०००. तिथे वार्षिक वेतनवाढसुद्धा नाही. त्यामुळे गृह विभागातला अपर मुख्य सचिव आणि एखाद्या दुर्लक्षित विभागातला, यांच्या मूळ वेतनात रुपयाचाही फरक नसतो. फरक असतो तो वजनात.

मंत्री रुसला तर बदली होते, ‘साइड पोस्टिंग’ मिळतं. पगार मात्र श्रेणीसोबत जातो. गंमत म्हणजे महाराष्ट्रात गणित उलटं आहे: २०१६ पासून आमदारांचंच वेतन प्रधान सचिवाच्या वेतनाला जोडलेलं आहे.

राहिला ‘आपणच वाढवून घेतात’ हा मुद्दा. पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो, म्हणून तो मंत्रालयातच ठरत असणार असा समज होतो. पण अखिल भारतीय सेवा अधिनियम, १९५१ नुसार हे नियम केंद्र सरकार करतं, राज्यांशी विचारविनिमय करून. सध्याचे आयएएस वेतन नियम २०१६ चे आहेत.

इथे मजकुरात थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. राज्य सेवेतले संचालक वगैरे अधिकारी केंद्राच्या नाही, राज्याच्या नियमांत येतात. सध्या महाराष्ट्र नागरी सेवा (सुधारित वेतन) नियम, २०१९. त्यासाठी नेमलेल्या वेतन सुधारणा समितीचे अध्यक्ष के. पी. बक्षी हे निवृत्त आयएएस, आणि अशा फायली ज्या वित्त विभागातून जातात त्याच्या शिखरावरही आयएएसच. शिवाय आयएएसना काही टप्प्यांवर इतर सेवांपेक्षा वेतनात थोडी आघाडी मिळते, आणि त्यावर त्या सेवांची जुनी तक्रार आहे. सातव्या आयोगाच्या सदस्यांतही यावर एकमत झालं नव्हतं. बोट ठेवायचं तर इथे ठेवा. आठव्या आयोगाच्या अध्यक्षा निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत, तेव्हा हा वाद त्यांच्यापुढेही येईलच.