आमच्या वर्गातल्या मुली कुठे गेल्या?

परवा आमच्या बॅचच्या ग्रुपवर पुढच्या गेट-टुगेदरचा विषय निघाला. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज, बीएस्सी बॉटनी, १९८२. ग्रुपवर एकतीस जण आहेत, त्यात बायका चार. वर्गात आम्ही मुली सोळा होतो. मी विचारलं, बाकीच्या बाराजणींचं काय? एकानं लिहिलं, "फेसबुकवर शोधलं गं, सापडत नाहीत. ज्यांना यायचंय त्या येतील." त्याच्या मनात काही वाईट नाही. कुणाच्याही अडीअडचणीला सगळ्यांत आधी धावतो तोच. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

त्या सापडणार कशा? तुम्ही ज्या नावानं शोधताय, ते नाव लावणारं आता कुणी उरलेलंच नाही. मुलांचं बरं असतं. हजेरीपटावर जे नाव, तेच रेशनकार्डावर, तेच दारावरच्या पाटीवर. आमच्या वेळी सासरी पाऊल टाकल्यावर तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं जायचं. सगळे हसायचे, फोटो निघायचा, आणि वीस-बावीस वर्षांचं नाव त्या दिवशी संपायचं. आडनाव आणि मधलं नाव तर बदलायचंच, पहिलंही जायचं. कायद्याची सक्ती तेव्हाही नव्हती, आजही नाही. तरी आमच्या सोळाजणींपैकी निदान नऊजणींची पहिली नावं गेली, एवढं मला पक्कं आठवतं.

दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना प्रॅक्टिकलची एक जर्नल हाताला लागली. माझी नव्हे, माझ्या पार्टनरची. परीक्षेनंतर अदलाबदल होऊन माझ्याकडे राहिली असणार. मक्याच्या खोडाचा आडवा छेद, शिसपेन्सिलीनं काढलेला, एकेक पेशी मोजून घ्यावी असा. खाली सरांची लाल सही. मधल्या पानात दंडोबाच्या डोंगरावरच्या सहलीत तोडलेलं नेच्याचं पान, पार तपकिरी झालेलं, पण एकही पर्णिका तुटलेली नाही. आणि कव्हरवर तिचं माहेरचं पूर्ण नाव, टपोऱ्या अक्षरात. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

मी ठरवलं, हिला शोधायचंच. गावभागात त्यांचं घर होतं, वडील हळदीच्या अडतीत दिवाणजी. गेले तर वाड्याच्या जागी अपार्टमेंट. तिथल्या कुणाला काही माहीत नाही. समोरची पिठाची गिरणी मात्र तीच. गिरणीवाल्या काकांनी भिंतीवरची २०१९ च्या पुराची खूण दाखवली आणि म्हणाले, त्या पुरानंतर तिच्या भावानं घर सोडलं, आता वारणालीत असतो. भावाकडे गेले. त्यानं चहा पाजला, चौकशी केली, आणि बराच वेळ विचार करून एक नंबर दिला. नंबर तिच्या मुलाचा. तिचा स्वतःचा फोन नव्हता.

मुलानं फोन तिच्याकडे दिला. मी तिला जुन्या नावानं हाक मारली. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, कट झाला. मग ती म्हणाली, "बाई गं, या नावानं मला कोण हाक मारतंय? भाऊसुद्धा ताईच म्हणतो." इचलकरंजीत होती ती. इथून एसटीनं जेमतेम तासाभराची वाट, आणि मध्ये चाळीस वर्षं गेली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, वर्गमैत्रिणी फेसबुकवर सापडायच्या नाहीत. त्या माहेरच्या गल्लीत सापडतात. भाऊ, वहिनी, शेजारच्या काकू, गिरणीवाले, शिंपी, देवळातले गुरव, यांना विचारावं लागतं. आणि हे काम त्या गावात राहिलेल्यांनीच करायला हवं, पुण्या-मुंबईत बसून होणारं नाही.

दुसरं, कार्यक्रमाबद्दल. मागच्या वेळी महाबळेश्वरला दोन दिवसांचं ठेवलं होतं, माणशी साडेतीन हजार. आमच्यापैकी कितीजणींना घरी सांगता येतं, की मी वर्गमित्रांबरोबर मुक्कामाला चालले? कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कुणाकडे नातवंडं, कुणाचे यजमान गेल्यापासून ती कुठल्या समारंभालाच जात नाही. पैसेही मागून घ्यावे लागतात, हे आपण उघड बोलत नाही. सांगलीतच ठेवा. सकाळी अकरा ते चार, साधं जेवण, म्हणजे संध्याकाळच्या एसटीनं जिची ती घरी पोचेल. मग बघा किती येतात.

आणि हात जोडून एक विनंती. नंबर मिळाला की लगेच ग्रुपवर घेऊ नका. तो नंबर मुलाचा असेल, सुनेचा असेल. आधी एका मैत्रिणीनं बोलू दे. तिला नको असेल तर नको. तेवढा मान आपण ठेवायलाच हवा.

इचलकरंजीची मैत्रीण आता दर गुरुवारी दुपारी फोन करते, मुलगा जेवायला घरी आला की. जर्नल मी तिला नेऊन दिली. तिनं नेच्याच्या पानाला हात लावला नाही, नुसती बघत बसली आणि मग त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं. बरोबर होतं.

अकराजणी अजून राहिल्यात. एक तासगावहून एसटीनं यायची, लांब वेणी, गणित फार चांगलं. दोघी मिरजेच्या, सख्ख्या चुलत बहिणी, एकाच रंगाच्या साड्या नेसायच्या. एक माधवनगरची, वडील गिरणीत कामाला. एक हॉस्टेलवर राहायची, जतकडची, तिचं लग्न निकालाआधीच झालं. तुमच्या आई, काकू, मावशी, वहिनी यांच्यापैकी कुणी १९७९ ते ८२ मध्ये विलिंग्डनला बॉटनी केलं असेल, तर त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा. त्या हो म्हणाल्या तरच मला इनबॉक्समध्ये कळवा, आणि माहेरचं नाव सांगा. मी त्याच नावानं हाक मारेन.